घरच्या कॅमेऱ्याचं भाडं: सहा फिल्मांच्या एका कोटेशनचं प्रकरण

2024 च्या मे महिन्याच्या शेवटी मी दारव्ह्याच्या (जिल्हा यवतमाळ) माझ्या फोटो-व्हिडीओच्या दुकानात एका लग्नाच्या अल्बमची पानं लावत बसलो होतो, तेव्हा फोन आला. तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष बोलत होते. सभासदांच्या प्रशिक्षणासाठी पाच-पाच मिनिटांच्या सहा फिल्मा करायच्या होत्या: सोयाबीनची उगवणशक्ती आणि बीजप्रक्रिया, बोंडअळीसाठी कामगंध सापळे, निंबोळी अर्क, सोयाबीनची काढणी आणि ओलावा, कापसाची वेचणी आणि साठवण, आणि शेवटी कंपनीची ओळख.

"एका व्हिडीओचे किती घ्याल, भाऊ? घरचंच काम हाये, पाहून सांगा."

मी अल्बमवरून नजरसुद्धा न काढता सांगितलं, "पाच हजार, काका." म्हणजे सहाचे तीस हजार. ते तिथल्या तिथे हो म्हणाले. घासाघीस झाली नाही याचा मला आनंद झाला. माझा आकडा त्यांच्या अंदाजाच्या फार खाली होता, म्हणून ती झाली नव्हती.

पाच हजार हा आकडा लग्नातून आला होता. आमच्याकडे हळद आणि लग्न असे दोन दिवस, दोन कॅमेरे, अल्बम आणि पेनड्राइव्ह मिळून मी 35,000 घेत असे. दुसरा कॅमेरावाला, मदतनीस, अल्बमची छपाई जाऊन एका दिवसाचे पाचेक हजार हाती राहतात, असा माझा समज होता. पाच मिनिटांची फिल्म म्हणजे एका दिवसाचं काम, हा दुसरा समज. दोन्ही कधी कागदावर मांडून पाहिले नव्हते.

आता कळतं, लग्न आणि प्रशिक्षणाची फिल्म यांत मोठा फरक आहे. लग्न आपोआप घडतं. नवरदेव मांडवात येतो, अंतरपाट धरला जातो, अक्षता पडतात. आपण फक्त तिथं हजर पाहिजे आणि बॅटरी भरलेली पाहिजे. शेतीच्या फिल्मेत जे आपोआप घडतं, ते आपल्या तारखेला घडत नाही. आणि बाकीचं सगळं कुणीतरी आधी ठरवावं लागतं.

पहिली फिल्म

जूनमध्ये सुरुवात झाली. पहिली फेरी विषय समजून घ्यायला झाली. दुसरी फेरी फुकट गेली, कारण पाऊस पुरेसा नव्हता. सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नये, हे तर आमच्याच फिल्मेत सांगायचं होतं. मग कोरड्या वावरात पेरणी कशी दाखवणार? तिसरी फेरी उगवणशक्तीसाठी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे मांडून गुंडाळी करायची, आणि शंभरातले निदान सत्तर उगवले तर ते बियाणं पेरायला चांगलं. मी तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. गुंडाळी उलगडली तर दाणे फुगलेले, पण मोड मोजण्याजोगे आलेच नव्हते. निकाल पाचव्या-सहाव्या दिवशी घ्यायचा असतो हे मी विचारलंच नव्हतं. मोटारसायकलवर जाऊन-येऊन 70 किलोमीटर झाले, आणि कार्डावर एकही कामाचा शॉट नव्हता.

चौथ्यांदा भाड्याची गाडी करून, मदतनीस घेऊन गेलो आणि एका दिवसात सगळं उरकलं. संकलन केलं, आवाज टाकला, लिंक पाठवली. मग दुरुस्त्या सुरू झाल्या. एका संचालकांना कंपनीचं नाव मोठं हवं होतं, दुसऱ्यांना संगीत कमी. ते चालायचंच. पण कृषी पदवीधर असलेल्या एका सभासदाने जी चूक काढली ती गंभीर होती: बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक आणि सगळ्यांत शेवटी जिवाणू संवर्धक लावायचं असतं. मी दिसायला छान म्हणून रायझोबियमचा, म्हणजे त्याच जिवाणू संवर्धकाचा, काळा लेप आधी दाखवला होता. शेतकऱ्याने तसंच केलं असतं तर नंतरच्या औषधाने जिवाणू मेले असते आणि त्याचे संवर्धकाचे पैसे मातीत गेले असते. माझ्या कामामुळे कुणाचं नुकसान झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. ती दुरुस्ती मी कुणी न सांगताही केलीच असती.

फिल्म पास झाल्यावर वहीत हिशेब लिहिला. गाडी 1,500, मोटारसायकलच्या तीन फेऱ्यांचं पेट्रोल 450, मदतनीस 700, आवाज देणारा 800, चहा-जेवण 250. एकूण 3,700. पाच हजारांतून उरले 1,300. वेळ: बैठक आणि लेखन 6 तास, फुकट गेलेल्या दोन फेऱ्या 10, चित्रण 9, आवाज 3, संकलन 16, दुरुस्त्या 8. एकूण 52 तास.

म्हणजे तासाला 25 रुपये, आठ तासांच्या दिवसाला 200. चित्रणाच्या दिवशी शेजारच्या वावरात कपाशी टोबायला बाया आल्या होत्या. त्यांची रोजी 300 होती. त्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही, दिवसभर वाकून ओळीने टोबत जाणं मला जमणार नाही. पण त्यांना रोजीच्या वर काही खर्च करावा लागत नव्हता. मी मात्र चार लाखांहून जास्त किमतीचं सामान सोबत नेलं होतं.

हेडफोनमध्ये ऐकलेलं वाक्य

याच चित्रणात अध्यक्ष काकांचं दोन मिनिटांचं मनोगत घ्यायचं होतं. त्याच आठवड्यात केंद्राने हमीभाव जाहीर केले होते; सोयाबीनचा क्विंटलला 4,892 रुपये. पहिल्या टेकला वारा सुटला आणि कॉलरच्या माइकवर फडफड आली. मी माइकला फराचं टोपरं लावलं, हेडफोन नीट बसवला आणि म्हटलं, "काका, परत एकदा." दुसऱ्या टेकमध्ये ते लिहून दिलेलं सोडून मनातलं बोलले:

"बैल घरचे, माणूस घरचा. म्हून काय त्याचा खर्च लागत नाही? तेवढं तर सरकारबी धरते. पण वावराचा खंड आन् भांडवलाचं व्याज धरत नाही, अन् म्हणते दीडपट भाव देल्ला."

ते बोलत होते ते तंतोतंत खरं होतं. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च पायऱ्यांनी मोजतो. खिशातून गेलेला पैसा, घरच्या बैलजोडीची मजुरी आणि अवजारांची झीज मिळून ए-टू. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी, म्हणजे एफएल, मिळवायची. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरलं की सी-टू. 2018-19 पासून हमीभाव ए-टू अधिक एफएलच्या दीडपट धरला जातो, डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाच्या नावाने शेतकरी मागतात तो सी-टू अधिक पन्नास टक्के.

हे वाक्य मी संकलनात कमीत कमी पंधरा वेळा ऐकलं असेल, कारण वाऱ्याचा आवाज काढायचा होता. पंधराव्या वेळी कुठेतरी ते माझ्याबद्दल आहे असं वाटलं. आयोगसुद्धा घरचा बैल खर्चात धरतो. मी घरचा कॅमेरा धरला नव्हता, आणि घरचा माणूस म्हणजे मी स्वतः, तोही धरला नव्हता. फक्त पेट्रोल आणि मदतनीस मोजला होता.

कागदावरचा दर

मग मी माझ्या धंद्याचा उत्पादन खर्च काढला. कॅमेरा, दोन लेन्स, गिम्बल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारा दांडा), वायरलेस माइक, लाइट, कॉम्प्युटर मिळून सामान 4,80,000 चं. पाच वर्षांनी विकून 80,000 येतील असं धरलं, तर झीज 4,00,000, वर्षाला 80,000. दुकानाचं भाडं महिन्याला 4,500 प्रमाणे 54,000. वीज, फोन आणि नेट 26,000. सॉफ्टवेअर आणि हार्डडिस्क 25,000. दुरुस्ती 15,000. हे सगळं मिळून 2,00,000. घरी महिन्याला 25,000 यायला हवेत, म्हणजे वर्षाचे 3,00,000. एकूण पाच लाख.

आता हे पाच लाख किती दिवसांत वसूल करायचे? इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसलो होतो. वर्षाचे 365 दिवस असले तरी ज्यांचं बिल लावता येतं असे दिवस फार थोडे. चातुर्मासात लग्नं जवळजवळ नाहीत. उरलेल्या काळातही गिऱ्हाइकाला भेटणं, उधारी मागायला जाणं, कार्ड रिकामी करणं यात दिवस जातात आणि त्यांचे पैसे कुणी देत नाही. मागच्या दोन वर्षांच्या डायऱ्या काढून मोजलं तर चित्रण आणि संकलन मिळून 125 दिवस भरले. पाच लाख भागिले 125, म्हणजे दिवसाला 4,000. त्यातले 1,600 कॅमेऱ्याचे आणि दुकानाचे, 2,400 माझी मजुरी.

या दराने पहिल्या फिल्मेचे साडेसहा दिवस म्हणजे 26,000, आणि वरचा खर्च 3,700. एकूण 29,700. सहा फिल्मांना मिळून मी जे मागितलं होतं, तेवढा खर्च एकाच फिल्मेला आला होता.

बैठक

पहिल्यांदा मनात आलं की बाकीच्या पाच फिल्मा कशाबशा उरकून द्याव्यात. माझ्या ओळखीतले बरेच जण असंच करतात, दर कमी पडला की कामातली जान काढून घेतात. पण बीजप्रक्रियेची चूक डोळ्यांसमोर होती. उरकलेल्या फिल्मेची किंमत ती पाहणाऱ्या शेतकऱ्याला मोजावी लागते. म्हणून मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊनच कंपनीच्या कार्यालयात गेलो.

तिथे मी एक कागद पुढे ठेवला. त्यावर पहिल्या ओळीत "घरच्या कॅमेऱ्याचं भाडं, रोज 1,600" आणि दुसऱ्या ओळीत "घरच्या माणसाची मजुरी, रोज 2,400" असं लिहिलं होतं. काकांनी चष्मा लावून वाचलं, परत वाचलं आणि विचारलं, "मंग तवा पाच हजार काऊन सांगितले?"

"चुकलं, काका. पहिली फिल्म पाच हजारांतच. शब्द दिला होता. पुढच्या मात्र या हिशेबाने."

पहिली फिल्म जुन्या दराने ठेवायचा निर्णय अनेकांना पटणार नाही. मला तो आजही बरोबर वाटतो. तोंडी का होईना, ठरलं होतं, आणि चूक माझ्या हिशेबाची होती. त्या एका वाक्यामुळे पुढची बोलणी भावाच्या नव्हे, दिवसांच्या हिशेबावर झाली.

पुढच्या प्रत्येक फिल्मेला मी चार दिवस धरले होते: संहिता मंजूर करून घ्यायला अर्धा, चित्रण एक, संकलन दोन, दुरुस्ती अर्धा. दिवसांचे 16,000 आणि वरचा खर्च 2,500. पाच फिल्मांचे 92,500. कंपनीकडे प्रशिक्षणाच्या निधीतून यासाठी 60,000 उरत होते. हा आकडा मी मे महिन्यातच विचारायला हवा होता. "तुमची तयारी किती आहे, काका?" एवढं विचारायला मला संकोच वाटला होता.

बैठकीत एका संचालकांनी सांगितलं की गावातला एक पोरगा मोबाइलवर 1,500 मध्ये व्हिडीओ करून देतो. मी म्हटलं, रोज व्हॉट्सॲपवर टाकायच्या छोट्या क्लिपा त्यालाच द्या. आज बाजारभाव काय, खताची गाडी कधी येणार, यासाठी तो माझ्यापेक्षा चांगला, कारण तो रोज तिथं आहे. वर्षानुवर्षं दाखवायची फिल्म वेगळी. मी हे मनापासून सांगितलं होतं, आणि तो पोरगा आजही कंपनीचं ते काम करतो.

दर कमी करण्याऐवजी काम कमी करू, असं मी सुचवलं. कंपनीच्या ओळखीची फिल्म गळाली. ती अध्यक्षांनीच काढली, म्हणाले आमचे चेहरे लोकाईनं पाह्यलेले हायेत. सापळे आणि निंबोळी अर्क एकाच वावरात, एकाच भेटीत करायचं ठरलं, एक दिवस वाचला. चार फिल्मांचे सोळा ऐवजी पंधरा दिवस, म्हणजे 60,000. गाडी, मदतीला माणूस आणि जेवण कंपनीने द्यायचं. आवाज त्याच कृषी पदवीधर सभासदाचा.

ड्रोनचीही मागणी होती. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमच्या वरचं ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ते माझ्याकडे नाही. परवानाधारक आणला तर खर्च वेगळा. ते सोडलं आणि वरून दिसणारे शॉट जागलीच्या मचाणावरून घेतले.

लेखी काय ठरलं

24,000 आगाऊ, मग फिल्म हातात दिल्यावर प्रत्येकी 9,000. दुरुस्त्या दोन वेळा, त्याही एकाच माणसाने गोळा करून पाठवायच्या. तिसऱ्या वेळेपासून 1,000. आदल्या रात्री आठच्या आत कळवलं तर चित्रण पुढे ढकलण्याचे पैसे नाहीत. मी वावरात पोचल्यावर परतावं लागलं तर 1,500. मूळ चित्रण मी एक वर्ष जपणार. हे शेवटचं कलम हार्डडिस्कच्या किमतीमुळे आलं. 100 एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट या वेगाने, एका तासाचं चित्रण 45 जीबी होतं. दोन प्रती ठेवल्या की 90.

आणि वापराचं कलम. प्रताधिकार कायदा 1957 असं सांगतो की मोबदला देऊन कुणी आपल्यासाठी फिल्म करून घेतली, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक करून घेणारा. मी काढलं म्हणून ते माझं, असा आपल्यातल्या पुष्कळांचा गैरसमज आहे. म्हणून "प्रशिक्षणासाठी कायमचा वापर, जाहिरातीसाठी माझी लेखी परवानगी" असं लिहून घेतलं. पहिल्या फिल्मेला असा कागद नव्हता. दिवाळीच्या सुमारास त्यातला उगवणशक्तीचा शॉट, शंभर दाण्यांची ती गुंडाळी, एका बियाणे विक्रेत्याच्या जाहिरातीत दिसली. कंपनीतल्या कुणीतरी चांगुलपणाने दिली होती. मला काही मागता आलं नाही, कायद्यानेही नाही. वाईट वाटलं. तो शॉट मिळवायला मी दोनदा गेलो होतो.

प्रत्यक्षात

पंधरा दिवस धरले होते, सतरा लागले. एक दिवस माझ्याच हाताने गेला: कापसाच्या फिल्मेतला आवाज चुकीच्या सेटिंगवर घेतला, परत घ्यावा लागला. दुसरा परतीच्या पावसाने नेला. सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांवर आल्यावर पोती भरा, हे दाखवायचं होतं. ठरल्या दिवशी ओलावामापकावर 18 आला. आम्ही तो 18 चा आकडाही जवळून टिपला, फिल्मेत ठेवला, आणि तीन दिवसांनी ऊन पडल्यावर त्याच ढिगाचा 12 टिपला. ती फिल्म चौघींत सगळ्यांत जास्त पाहिली गेली. 60,000 भागिले 17, म्हणजे दिवसाला साधारण 3,530. ठरवलेल्या दरापेक्षा कमी, पण रात्री जागून काम करावं लागलं नाही आणि एकही गोष्ट उरकली नाही.

पैसे वेळेवर आले नाहीत. शेवटचे दोन हप्ते, 18,000, निधी अडकल्यामुळे थांबले. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, आहे. ती पोर्टलवर फुकट होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी क्रमांक माझ्या बिलावर छापलेला होता. फेब्रुवारीत हिशेबनीसांना मी तो फक्त दाखवला, व्याज मागितलं नाही. पैसे मार्चमध्ये आले, 10 टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापून. तो कापलेला पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतो. पण हातात कमी येणार हे आगाऊ रक्कम ठरवतानाच धरायला हवं. जीएसटीचा प्रश्न आला नाही. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असल्याने मला नोंदणी लागत नाही.

नंतर एक उणीव लक्षात आली. माझ्या 4,000 मध्ये सामानात अडकलेल्या पैशाचं व्याज नव्हतं. काकांची जी तक्रार सरकारशी होती, तीच चूक मी स्वतःशी केली होती. ए-टू अधिक एफएलवर थांबलो होतो. 4,80,000 वर दहा टक्के धरले तर वर्षाचे 48,000, दिवसामागे 384. म्हणून आता माझा दर 4,400 आहे. नफा त्यात अजूनही नाही, आणि 125 दिवसांचे 140 कसे होतील यावर मी काम करतोय. लग्नाच्या पॅकेजलाही हाच हिशेब लावला, तेव्हा अल्बम वेगळा काढून त्याचे पैसे वेगळे सांगायला लागलो. दोन लग्नं त्यामुळे गेली.

2025 च्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काकांचा परत फोन आला. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर फिल्म करायची आहे. "किती दिवस लागतीन?" त्यांनी विचारलं. मी पाच सांगितले, दर 4,400 सांगितला. म्हणाले, संचालक मंडळात ठेवतो. होकार अजून आलेला नाही. तूर फुलावर यायलाही अवकाश आहे.